क्लचच्या नळीतील हवा

द्रव पदार्थ कितीही दाबला तरी तो जवळजवळ आकसत नाही. वायू मात्र दाबताच आकसतो. हायड्रॉलिक क्लच चालतो तो यांपैकी पहिल्या गुणधर्मावर आणि अडतो तो बहुधा दुसऱ्यामुळे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखाच पोचतो, हा नियम फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कल याने सिद्ध केला. पास्कल १६६२ साली मरण पावला आणि द्रवांच्या समतोलावरील त्याचा ग्रंथ १६६३ मध्ये त्याच्या पश्चात प्रसिद्ध झाला. दाब वाढला की त्याच प्रमाणात वायूचे आकारमान घटते, हा रॉबर्ट बॉइलचा नियम नेमका १६६२ सालचाच. अडलेल्या क्लचखाली आडवे झालेल्या माणसाला या दोघांशी एकाच वेळी व्यवहार करावा लागतो.

पास्कलच्या नियमाचा यांत्रिक उपयोग व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली द्रवदाबाने चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. मोटारीत ही युक्ती आधी ब्रेकसाठी आली. १९२१ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक होते. क्लचसाठी तिचा अवलंब पुढे झाला. भारतातील रस्त्यांवर दीर्घकाळ दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदल्या. १९८३ ते २०१४ या काळात बनलेल्या मारुती ८०० चा क्लच तारेने ओढला जाई, तर टाटा सुमो, टोयोटा क्वालिस, महिंद्र स्कॉर्पिओ या अधिक वजनाच्या गाड्यांत तारेऐवजी द्रवाची नळी आली. तारेचा क्लच बिघडला तर तार तुटलेली किंवा ढिली झालेली डोळ्यांना दिसते. नळीतला दोष दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या दोषाचे निदान चुकण्याची शक्यता अधिक असते. क्लच नीट सुटत नाही एवढ्यावरून गिअरबॉक्स उतरवून नवी क्लच प्लेट बसवली जाते, प्लेटचे, प्रेशर प्लेटचे आणि मजुरीचे पैसे जातात, आणि दोष मात्र नळीतील एका बुडबुड्याचा असतो. हे काम घरी शिकून घेण्याचे मुख्य कारण हेच आहे. स्वतः पाना हाती न घेणाऱ्यालाही निदानापुरते ज्ञान उपयोगी पडते.

रायपूरसारख्या शहरात या विषयाला आणखी एक बाजू आहे. नागपूरहून रायपूरमार्गे संबलपूरकडे जाणारा रस्ता, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ व आताचा ५३, शहरातून वाहत असतो. दक्षिणेला जगदलपूरच्या वाटेवर कांकेर सोडल्यावर केशकालचा वळणावळणांचा घाट लागतो, तर वायव्येला जबलपूरच्या वाटेवर चिल्फीचा. शहरात सपाटीवर कसाबसा चालणारा क्लच अशा घाटात उघडा पडतो. चढावर पुढचा ट्रक थांबला, मागे दुसरा उभा आहे, आणि पेडल पूर्ण दाबूनही पहिला गिअर पडत नाही, ही अवस्था गैरसोयीची नव्हे तर धोक्याची असते. हवामानही या यंत्रणेची परीक्षा पाहणारे आहे. मे महिन्यात पारा ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. त्यानंतरच्या चार महिन्यांत वर्षभराच्या सुमारे १२०० मिलिमीटर पावसापैकी बहुतेक पाऊस पडतो आणि हवा ओलाव्याने जड होते. क्लचमधील द्रवाला या दोहोंपैकी ओलावा अधिक जाचक ठरतो. त्याचे कारण पुढे येईल.

क्लचचे काम एंजिन आणि गिअरबॉक्स यांना हवे तेव्हा जोडणे व हवे तेव्हा तोडणे हे होय. एंजिनाच्या टोकाशी एक जड प्रचक्र फिरत असते. मिस्त्री त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याला चिकटून क्लच प्लेट असते आणि प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा तिला प्रचक्रावर दाबून धरतात. चालकाने पेडल दाबले की एक काटा आणि त्याच्या टोकावरील बेअरिंग या स्प्रिंगांना रेटतात व प्लेट मोकळी होते. म्हणजे पेडलाचे काम प्लेट दाबण्याचे नाही, तिच्यावरील दाब काढून घेण्याचे आहे. दोष ओळखताना ही उलटी रचना सतत मनात ठेवावी लागते.

पेडलापासून काट्यापर्यंत हा रेटा पोचवण्यासाठी दोन सिलिंडर आणि त्यांना जोडणारी एक बारीक नळी असते. पेडलाजवळचा तो मुख्य सिलिंडर, म्हणजे कारखान्याच्या भाषेत मास्टर. गिअरबॉक्सजवळचा तो दुय्यम, म्हणजे स्लेव्ह. दोहोंत एकेक दट्ट्या आणि त्याच्यावर रबरी कप असतो. मास्टरच्या वर द्रवाची डबी असते. पेडल पूर्ण सोडलेले असताना डबी आणि सिलिंडर यांना जोडणारे एक सूक्ष्म छिद्र उघडे राहते. पेडल दाबताच कप ते ओलांडतो, छिद्र बंद होते आणि पुढचा सारा द्रव कोंडला जातो.

आता थोडे गणित केले तर बुडबुड्याचा उपद्रव किती हे स्पष्ट होईल. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण प्रत्यक्षापासून फार दूर नाहीत. मास्टरचा व्यास १६ मिलिमीटर धरला तर त्याच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे २ चौरस सेंटिमीटर येते. पेडलाची तरफ सहापट असेल आणि पायाचा रेटा १० किलोग्रॅम असेल, तर दट्ट्यावर ६० किलोग्रॅम भार येतो व द्रवातील दाब चौरस सेंटिमीटरला ३० किलोग्रॅम होतो. स्लेव्हचा व्यास २० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस सेंटिमीटर, घेतला तर तेथे ९४ किलोग्रॅमचा रेटा मिळतो. या लाभाची किंमत अंतरात मोजावी लागते. मास्टरचा दट्ट्या २५ मिलिमीटर सरकला की ५ घन सेंटिमीटर द्रव पुढे ढकलला जातो आणि तेवढ्याने स्लेव्हचा दट्ट्या १६ मिलिमीटर सरकतो. याहून जास्त द्रव एका दाबात येणार नाही. क्लच पूर्ण सुटायचा तो या १६ मिलिमीटरांतच.

अशा नळीत एक घन सेंटिमीटर हवा शिरली आहे असे समजू. हा बुडबुडा खेळायच्या गोटीहूनही लहान असतो. तीसपट दाबाखाली तो आपल्या मूळ आकाराच्या सुमारे तिसाव्या भागाइतका उरतो. म्हणजे ढकललेल्या ५ घन सेंटिमीटर द्रवापैकी जवळजवळ एक घन सेंटिमीटर त्याला आकसवण्यातच खर्ची पडतो. स्लेव्हच्या वाट्याचे ३ मिलिमीटर अंतर तेथेच गेले. बुडबुडा दुप्पट असेल तर ६ मिलिमीटर जातात आणि १६ पैकी १० उरतात. एवढ्याने प्लेट अर्धवट सुटते; ती प्रचक्राला घासत राहते आणि गिअरबॉक्सचा दांडा फिरता ठेवते. फिरत्या चाकात थांबलेले चाक घालण्याचा प्रयत्न म्हणजे दात्यांचा खरखराट. रिव्हर्स गिअरमध्ये हा आवाज सर्वांत आधी ऐकू येतो, कारण पुष्कळ गाड्यांत त्या गिअरला वेग जुळवून घेणारी कडी नसते.

छत्तीसगडच्या भातखाचरांवर डिझेल पंप चालवणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. चूषण नळीत कोठून तरी हवा शिरली की पंप फिरतो, आवाज करतो, पण पाणी उचलत नाही. डिझेलच्या नळीत शिरली तर एंजिनच बंद पडते. 'लाइनने एअर पकडली' हे मिस्त्र्यांचे वाक्य तिन्ही ठिकाणी लागू पडते.

हवा येते कोठून? सर्वांत सरळ मार्ग डबीतून. द्रव कमी होऊन तळाशी गेला की पेडलाच्या प्रत्येक दाबाबरोबर मास्टर हवाच ओढतो. येथे क्लच आणि ब्रेक यांच्यातील एक फरक माहीत असावा. ब्रेकचे पॅड झिजत जातात तसे त्यांचे दट्ट्ये पुढे सरकतात आणि डबीतील पातळी आपोआप थोडी उतरते. ही उतरण निरोगी असते. बहुतेक हायड्रॉलिक क्लचमध्ये याच्या उलट घडते. प्लेट झिजली की स्प्रिंगांची टोके बेअरिंगकडे सरकतात, स्लेव्हचा दट्ट्या मागे रेटला जातो आणि डबीतील पातळी वाढलीच तर किंचित वाढते. तेव्हा केवळ क्लचसाठी असलेल्या डबीतील पातळी उतरली, तर ती गळतीच समजावी. नुसती वरून भर घालून स्वस्थ बसू नये. गळती मास्टरची असेल तर पेडलाच्या दांड्याजवळ, पायाखालच्या चटईवर ओल दिसते. स्लेव्हची असेल तर त्याच्या तोंडावरील रबरी टोपी बोटाने किंचित उचलताच आत ओल लागते. ज्या झिजलेल्या कपातून दाबाच्या वेळी द्रव बाहेर येतो, त्यातूनच पेडल परतताना हवा आत येऊ शकते. सुटे भाग बदलल्यानंतर नळीत हवा राहणे हे तर ठरलेलेच.

तिसरे कारण द्रवात आहे. सर्वसाधारण वापरातला हा द्रव ग्लायकॉल ईथर जातीचा असतो आणि तो हवेतील ओलावा शोषतो. डबीच्या झाकणातील श्वासछिद्रातून, रबरी नळीच्या भिंतीतूनही, पाण्याचा अंश हळूहळू आत येतो. त्याने दोन गोष्टी होतात. सिलिंडर आतून गंजतो आणि खरखरीत पृष्ठभागावर कप लवकर कापला जातो. शिवाय द्रवाचा उत्कलनबिंदू घसरतो. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या मानकानुसार डॉट ३ जातीचा कोरडा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. क्लचमध्ये ब्रेकइतकी उष्णता निर्माण होत नाही. मात्र नळी धुराड्याच्या नळाजवळून जात असेल आणि उन्हाळ्यातील घाटात वारंवार अर्धा क्लच धरला जात असेल, तर जुन्या द्रवात वाफेचे बुडबुडे होऊ शकतात. गाडी थंड झाल्यावर दोष नाहीसा होतो आणि मिस्त्रीपुढे गाडी उभी केली की काहीच सापडत नाही. अशा वेळी द्रवाचा रंग पाहावा. नवा द्रव फिक्या मधासारखा असतो. चहासारखा काळपट झालेला द्रव बदलण्याच्याच लायकीचा.

या द्रवाला बाजारात सर्रास 'ब्रेक ऑइल' म्हणतात. नाव रूढ आहे, पण घातक आहे. हा पदार्थ तेल नव्हे. नावावरून फसून कोणी डबीत एंजिन ऑइल किंवा दुसरे खनिज तेल ओतले तर रबरी कप फुगतात, मऊ पडतात, आणि मग हवा काढून भागत नाही. दोन्ही सिलिंडरांचे रबर, लवचिक नळी, सारेच बदलावे लागते. डबी ब्रेक व क्लच यांची सामाईक असेल तर ब्रेकही त्याच वाटेने जातात. काही परदेशी मोटारसायकलींच्या क्लचमध्ये खनिज तेलच घालायचे असते आणि तेथे ब्रेकचा द्रव घातला तर हानी होते. म्हणून झाकणावर जे छापले असेल ते अंतिम मानावे. डॉट ५ हा सिलिकोनचा द्रव असून तो ३ किंवा ४ मध्ये मिसळत नाही, डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलच्याच कुळातला आहे. ज्याने हे आकडे ठरवले त्याने दुकानदाराचा विचार केला नसावा.

निदान

हवा शिरलेल्या क्लचचे पेडल पायाला स्पंजासारखे लागते आणि पहिल्या दाबात क्लच नीट सुटत नाही. तेच पेडल तीन-चार वेळा भराभर दाबले की गिअर गुपचूप पडतो. कारण असे की पेडल चटकन परतले म्हणजे मास्टर डबीतून आणखी थोडा द्रव ओढून घेतो आणि तो आधीच्या द्रवात भर घालतो. हवा तशीच राहते, पण तिने खाल्लेले अंतर भरून निघते. थोड्या वेळाने हा जादा द्रव डबीत परततो व दोष पुन्हा प्रकट होतो. पेडल दाबून धरले असता क्लच हळूहळू आपोआप पकडू लागत असेल, तर मात्र दोष हवेपेक्षा मास्टरच्या कपाचा असण्याचा संभव जास्त.

याच्या अगदी उलट तक्रार म्हणजे एंजिन गुरगुरते पण गाडी त्या मानाने पळत नाही, चढावर जळका वास येतो. हा क्लच घसरण्याचा प्रकार होय. हवेमुळे क्लच सुटत नाही. घसरतो तो हवेमुळे नव्हे. प्लेट झिजली, तिला तेल लागले, किंवा पेडलाला मोकळी चाल न उरल्यामुळे मास्टरमधील ते सूक्ष्म छिद्र बंदच राहिले, यांपैकी काहीतरी झालेले असते. घसरणाऱ्या क्लचची हवा काढत बसणे म्हणजे वेळ दवडणे.

अलीकडच्या पुष्कळ मोटारींत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेर नसून आत, दांड्याभोवती कड्यासारखा बसवलेला असतो. हवा काढण्याचा स्क्रू तेवढा बाहेर येतो. अशा गाडीत हवा काढणे घरी शक्य आहे, पण गळती निघाली तर गिअरबॉक्स उतरवल्याखेरीज गत्यंतर नाही आणि ते अंगणातले काम नव्हे.

तयारी

सामान थोडे लागते: स्क्रूच्या मापाचा रिंग पाना, बहुधा ८, १० किंवा ११ मिलिमीटरचा, स्क्रूच्या टोकावर घट्ट बसेल अशी अर्धा मीटर पारदर्शक नळी, एक काचेची बाटली, सुईविरहित मोठी पिचकारी, जुनी सुती फडकी, आणि योग्य जातीच्या द्रवाचा सीलबंद डबा. औषधाच्या दुकानात मिळणारी सलाइनची नळी पुष्कळ जण वापरतात, आणि ती चालते. डबा सीलबंदच हवा. फडताळात गेल्या पावसाळ्यापासून अर्धवट उघडा पडलेला डबा कितीही भरलेला दिसला तरी वापरू नये. त्यातील द्रवाने पाणी पिऊन झालेले असते.

गाडी सपाट, कठीण जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि एंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. सुमोसारख्या उंच गाडीखाली बहुधा तसेच सरपटत जाता येते. गाडी उचलावी लागलीच तर जॅक हे केवळ उचलण्याचे साधन आहे, पेलण्याचे नव्हे. पेलण्यासाठी लोखंडी घोड्याच लागतात. विटांचा थर भाराखाली न कण्हता एकदम फुटतो. जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये. या संपूर्ण कामात जीव जाण्याचा खरा प्रसंग एवढाच आहे.

डोळ्यांवर चष्मा असावा, कारण खाली झोपलेल्याच्या तोंडावरच स्क्रू असतो. द्रव डोळ्यांत गेला तर ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. गाडीच्या रंगावर एक थेंब जरी पडला तरी रंग उकलतो. तेथे पुसण्याआधी पाणी ओतावे, कारण हा द्रव पाण्यात विरघळतो.

काम

झाकण उघडण्यापूर्वी डबीचा माथा पुसून घ्यावा. धुळीचा एक कण आत गेला तर तो थेट त्या सूक्ष्म छिद्राचा माग काढतो. जुना काळा द्रव पिचकारीने शोषून घ्यावा, तळ उघडा पडू न देता नवा द्रव वरच्या खुणेपर्यंत भरावा. मग स्लेव्हवरील स्क्रूची रबरी टोपी काढून भोवतालची माती ब्रशने झाडावी. रिंग पाना आधी चढवावा, त्यावरून पारदर्शक नळी घालावी आणि तिचे दुसरे टोक बाटलीत दोन बोटे द्रव घेऊन त्यात बुडवून ठेवावे. हे टोक बुडालेले असले म्हणजे बाहेरची हवा उलट ओढली जात नाही, आणि निघणारे बुडबुडेही मोजता येतात.

यानंतर दोन माणसे लागतात. एक पेडलाशी, एक खाली. वरच्याने पेडल सावकाश तळापर्यंत दाबून तसेच धरावे व 'दाबले' असे सांगावे. खालच्याने मग स्क्रू पाव ते अर्धा फेरा सैल करावा. नळीतून द्रव आणि त्यासोबत बुडबुडे बाहेर येतात. प्रवाह थांबतो न थांबतो तोच स्क्रू बंद करावा आणि नंतरच 'सोडा' म्हणावे. पेडल काही गाड्यांत आपोआप वर येत नाही, ते पायाने उचलावे लागते. दोन-तीन सेकंद थांबून पुन्हा तेच. साऱ्या कामाचे यशापयश या क्रमावर अवलंबून आहे. स्क्रू उघडा असताना पेडल परतले तर मास्टर ज्या वाटेने हवा बाहेर गेली त्याच वाटेने ती परत घेतो, आणि अर्धा तास घाम गाळूनही बुडबुडे संपत नाहीत. वरच्याने अंदाजाने पाय हलवू नये, खालून शब्द आल्याशिवाय काही करू नये. 'दाबा' आणि 'सोडा' हे शब्द गाडीच्या पत्र्याआडून निराळे ऐकू येतात. 'हं' आणि 'हां' येत नाहीत.

एका दाबात किती हवा हलते? नळीचा आतील व्यास ३.२ मिलिमीटर असेल तर ५ घन सेंटिमीटर द्रव तिच्यात सुमारे ६० सेंटिमीटर लांबी व्यापतो. म्हणजे मीटरभर नळीतला बुडबुडा दोन दाबांत स्लेव्हपर्यंत आणता येतो. तरी प्रत्यक्षात दहा-पंधरा दाब लागतात, कारण हवा नळीत कमी आणि सिलिंडरांच्या कोपऱ्यांत, जोडांच्या रुंद पोकळीत जास्त दडते. दर चार-पाच दाबांनी डबी भरत राहावे. या कामात सर्वाधिक चुका येथेच होतात. बुडबुड्यांकडे पाहण्याच्या नादात डबी रिकामी होते आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. डबी ब्रेकशी सामाईक असेल तर सहसा क्लचची नळी ब्रेकच्या नळीहून वरच्या पातळीवर जोडलेली असते. हेतू हा की क्लच गळला तरी ब्रेकचा द्रव शिल्लक राहावा. पण पातळी त्याहीखाली गेली असेल तर ब्रेकमध्येही हवा शिरली असे धरून चालावे आणि ब्रेकची हवा जाणत्याकडून काढून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

बाटलीत बुडबुडे येणे थांबले आणि नळीतून फिका, स्वच्छ द्रव येऊ लागला की आणखी दोन दाब घेऊन स्क्रू बंद करावा. तो आतून पोकळ असतो. जोराने आवळला तर मान मोडते व तुकडा आत राहतो. पान्याला मनगटाचा जोर पुरे.

एकट्याने

मदतीला कोणी नसेल तर द्रवाच्या वजनावरच काम सोपवता येते. डबी भरून, झाकण सैल ठेवून, स्क्रू अर्धा फेरा उघडावा व नळी बाटलीत सोडावी. डबी उंचावर आणि स्लेव्ह खाली असल्यामुळे द्रव थेंबथेंब उतरतो आणि बरीचशी हवा सोबत नेतो. अर्धा-पाऊण तास लागतो, पण यात घाईची चूक संभवत नाही. फक्त डबीकडे लक्ष हवे.

दुसरी पद्धत अधिक तर्कशुद्ध म्हणावी अशी आहे. हवा स्वभावतः वर जाऊ पाहते. पेडलाच्या पद्धतीत मात्र तिला खाली रेटावे लागते. नळीला मध्येच उंचवटा असेल तर बुडबुडा तेथे घर करतो आणि दहा दाबांनीही हलत नाही. अशा वेळी पिचकारीत नवा द्रव भरून तो स्लेव्हच्या स्क्रूतून वर ढकलावा. बुडबुडे आपल्याच स्वभावाने डबीत येऊन फुटतात. पिचकारीतील हवा आधी काढून टाकणे आणि डबी ओसंडू नये म्हणून तिच्यातील द्रव कमी ठेवणे, एवढी दक्षता पुरे. स्लेव्ह बाहेर असलेल्या गाडीत त्याचा दांडा हाताने हळूच आत रेटला तरी पुष्कळदा हाच परिणाम साधतो. उलट, खालून शोषणारे यंत्र लावले तर स्क्रूच्या आट्यांमधून बाहेरची हवा येऊन नळीत अखंड बुडबुडे दिसत राहतात आणि काम संपले की नाही हे कळेनासे होते.

नवा मास्टर बसवला असेल तर तो गाडीत चढवण्यापूर्वीच द्रवाने भरून, दट्ट्या हळू दाबून त्यातील हवा काढावी. कोरडा मास्टर थेट चढवल्यास तो हवाच मागेपुढे करीत राहतो.

पडताळणी

एंजिन बंद असताना पेडल दाबून पाहावे. पहिल्याच दाबाला ते टणक लागले पाहिजे. मग चाकांचे ठोकळे जागच्या जागी ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून, एंजिन सुरू करावे. क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबावे व रिव्हर्स गिअर टाकावा. खरखर न होता तो पडला तर काम झाले. त्यानंतरची पहिली फेरी मोकळ्या मैदानात किंवा वस्तीतल्या रिकाम्या रस्त्यावर घ्यावी. ग्रेट ईस्टर्न रोडच्या सायंकाळच्या गर्दीत नव्हे.

एवढे करूनही पेडल मऊ राहिले तर लवचिक नळी पाहावी. मदतनिसाने पेडल दाबले असता ती मुठीत फुगताना जाणवली तर तिचे आयुष्य संपले. दोन-तीन दिवसांत दोष परतला तर कोठेतरी कप गेला आहे. हवा पुनःपुन्हा काढत राहणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे. मास्टर व स्लेव्हचे रबर जवळपास एकाच वेळी जुने होते, त्यामुळे एकाचे बदलताना दुसऱ्याचेही बदलणे शहाणपणाचे. आणि नळीत हवा नाही, गळती नाही, स्लेव्हचा दांडा पूर्ण अंतर सरकतो, तरी गिअर पडत नाही, असे दिसले तरच गिअरबॉक्स उतरवण्याची भाषा करावी.

निघालेला द्रव पुन्हा डबीत घालू नये; तो कितीही स्वच्छ दिसला तरी त्यात हवेचे सूक्ष्म कण आणि कपाची झीज असते. तो गटारातही ओतू नये. रायपूर हे तलावांचे शहर, आणि त्याचे पिण्याचे पाणी खारुन नदीतून येते. निराळ्या, झाकणाच्या बाटलीत भरून तिच्यावर ठळक अक्षरांत 'विष' असे लिहावे आणि ती टाकाऊ द्रव गोळा करणाऱ्या कार्यशाळेत द्यावी. टाकाऊ एंजिन ऑइलच्या पिंपात तो मिसळू नये. थंड पेयाची रिकामी बाटली यासाठी कधीही वापरू नये. या द्रवाचा रंग सरबतासारखा असतो, आणि मे महिन्यातल्या दुपारी उन्हातून घरात आलेले मूल बाटलीवरचे नाव वाचत नाही.

बदलाची तारीख आणि द्रवाची जात कागदी पट्टीवर लिहून ती डबीच्या अंगाला चिकटवावी. गाडीसोबतच्या पुस्तिकेत वेगळी मुदत दिली नसेल तर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, सारा द्रव बदलावा.